मद्रासला जाण्यापूर्वी जावाची व्यवस्था

१. रविवार, १३ जानेवारी १९८५ रोजी दिंडोरीजवळच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत झाली.
२. अखेरच्या फेऱ्यांत दिंडोरीचे द्राक्षबागायतदार झुंबर गांगुर्डे यांची येझदी व माझी जावा चाकाला चाक लावून धावल्या.
३. जावा अर्ध्या चाकाने पुढे राहिली.
४. तेथेच मला मद्रासच्या फेब्रुवारीतील शर्यतीचे बोलावणे मिळाले.
५. जावा आईच्या नावावर आहे. तिच्या सहीशिवाय गाडी मद्रासच्या शर्यतीत उतरवता येत नाही.
६. सही मागितली तेव्हा आई म्हणाली, "जायचंच असेल तर आधी मृत्युपत्र लिही."

म्हणून मी, विशाखा सावळीराम पगारे, वय २४, यंत्र अभियांत्रिकीची पदविकाधारक, नोकरी एकलहरे वीजकेंद्र, हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आईचा आहे, तो मी मद्रासला जाऊ नये म्हणून. बुद्धी शाबूत आहे. रविवारपासून जरा हवेत आहे, इतकेच.

पोस्टातील बचत आई लंकाबाई हिला.

पाने, पकडी व बारीक फट मोजायचा फीलर गेज वडिलांचे धाकटे भाऊ यादवकाका यांना. अट अशी की इंजिनाच्या पॉइंटची फट गेजने मोजावी, नखाने नव्हे. रविवारी काका म्हणाले, "ही कसली झुंज? आता मशीन पळतं. चौसष्ट साली दादा पळवायचा. आणि त्याच्याआधी आबांचा टांगा." उत्तर येथे देते.

गेणूआजोबांच्या, म्हणजे काकांच्या आबांच्या, शर्यतीत दोन टांग्यांच्या चाकांच्या मधोमधचे तुंबे एकमेकांना घासत, हे खरे. पण घोडा आपणहून बाजूला होई, म्हणजे निम्मी अक्कल घोड्याची. वडिलांच्या काळी हीच जावा ब्रेक दाबल्यावर आधी विचार करी, मग थांबे. जो लवकर घाबरे तो मागे पडे. मी ब्रेकला नवे लायनर बसवले आहेत. आता दोघेही उशिरा ब्रेक दाबतात आणि एकाच वळणावर एकाच वेळी हजर होतात. झुंबर यांचे कोपर माझ्या कोपराला लागत होते आणि हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने हसत होते. वीजकेंद्रात मला असे हसू येत नाही. तिन्ही झुंजींत वेग कोणता जास्त, ते मोजता येईल. मजा कोणाची जास्त, ते काकांनी ठरवू नये.

जुन्या काळची एक गोष्ट मात्र सरस होती. हरणारा जिंकणाऱ्याच्या घोड्याला गूळ चारी. झुंबर यांच्या मातोश्री नवसाबाईंना हे माहीत असल्याने त्यांनी मुलाच्या हाती गूळ दिला. तो घेऊन झुंबर गाडीभोवती फिरले.

"हिचं तोंड कुठंय, इंजिनीअरबाई?"

"हेडलाइट धरा."

त्यांनी हेडलाइटला गूळ चोळला. "लय आत घुसलात तुम्ही. मला वाटलं, आता द्राक्षाच्या मांडवातच जातो मी." हेडलाइटवरच्या मुंग्या अजून गेलेल्या नाहीत.

झुंबर यांना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला ठेवलेले रद्द होते, असे वाचले. त्यांना साक्षीदार नेमण्याआधी हे वाचायला हवे होते.

जिंकण्यातला निम्मा वाटा आईचा आहे. शेवटच्या वळणावर मी बाहेरून जाणार होते. प्रेक्षकांच्या दोरीपलीकडून आवाज आला, "विशे, आत घे, आत." मी आत घेतले. आई म्हणते, त्या दिवशी ती देवळ्याला मावशीकडे होती. शेजारच्या साळूबाई सांगतात, ती त्यांच्या खांद्याला धरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी होती. चौसष्ट साली वडिलांनी त्याच तऱ्हेच्या वळणावर बाहेरून घेतले आणि ते हरले. काका सांगतात, तेव्हाही आई दोरीपाशी होती आणि गप्प होती. वडील पुढे काविळीने गेले, गाडीने नव्हे, हेही नमूद करते.

मद्रासला वळणे जास्त आहेत.

विशाखा सावळीराम पगारे (सही)

साक्षीदार:
झुंबर गांगुर्डे, दिंडोरी (सही)
साळूबाई निकम, नाशिकरोड (अंगठा)

नाशिकरोड, बुधवार, १६ जानेवारी १९८५

आई, परवानगीचा कागद सोबत ठेवला आहे. सही करणार की नाही, ते रविवार, २० जानेवारीपर्यंत सांग.