पासेमेताचा वाटा

नुकुलोतो बेट, ८ मार्च

चि. पासेमेता हिला आईचे पोटभर आशीर्वाद.

जहाज आजच परत फिरतंय, म्हणून घाईघाईने लिहिते. वादळाने आपलं छप्पर नेलं, माणसं मात्र सगळी धडधाकट आहेत. पण समुद्र पुलाकाचे कंद लावलेल्या खड्ड्यांत शिरला. कंद उपटून पाहिला तर हाताला नुसती घाण लागली. तो खड्डा तुझ्या आजोबांनी खणलेला. मला काठावर उभं राहवेना.

तुमच्या मदत कचेरीचा परदेशी साहेब येऊन गेला. आम्ही त्याला हार घातले, नवी चटई दिली. मुखिया लोतोआला त्याला म्हणाले की आधी जेवा, मग बोलू. पण बिचाऱ्याला जेवायला वेळ नव्हता! तांदूळ पाठवतो म्हणाला, आणि डब्यातले मासे. समुद्रात पाय सोडून बसणाऱ्यांना डब्यातले मासे! बायका अजून हसताहेत. तांदूळ मात्र हवा आहे गं, खोटं कशाला बोलू? खड्ड्यांतलं खारं पाणी उतरायला दोन-तीन वर्षं तरी जातील.

त्याने माणसांची यादी मागितली, ती मुखियांनी सभागृहात बसून लिहिली. तुझंही नाव आहे. तुला फुनाफुतीला जाऊन सहा वर्षं झाली, पण मासळीच्या वाटणीला अजून तुझं नाव पुकारतात आणि मी ओ देते. तुझा वाटा घरी आणते. तुझे वडील गेल्यापासून खाणारी मी एकटी, आणि तुझ्या वाट्याचा घास काही केल्या घशाखाली उतरत नाही. यंदा तरी येशील का?

तुझी,
आई

फुनाफुती, २ एप्रिल

ती. आईस पासेमेताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि दोनच दिवसांनी ती यादी टाइप करायला माझ्याच टेबलावर आली. एकशे चौऱ्याऐंशी नावं, आणि त्यांत माझं. मी कचेरीतच रडले. शेजारची मुलगी विचारत राहिली की कोण गेलं.

पण घोटाळा झालाय. साहेब बेटावर डोकी मोजून आला होता, ती एकशे सत्तेचाळीस भरली. उरलेली नावं आम्हा बाहेर गेलेल्यांची. मी त्याला वाटणीची रीत सांगितली, यात लबाडी नाही हे सांगून सांगून थकले. तो वाईट माणूस नाही गं. पण त्याने विचारलं की जो तिथे जेवतच नाही त्याला तांदूळ कशाला. मुखियांनी सभा घेऊन सुधारलेली यादी पाठवेपर्यंत तांदळाचं जहाज सुटणार नाही.

म्हणून लिहिते, आई, सभेत माझं नाव पुकारलं तर ओ देऊ नकोस. सभेत नाकारलेलं नाव पुन्हा पुकारत नाहीत, ते माणूस स्वतः येऊन सभेत बसेपर्यंत. हे मला ठाऊक आहे. पण लहान पोरं उपाशी राहतील, त्यापेक्षा हे बरं.

इथे माणसांची नुसती दाटी आहे, तरी माझी कुणी वाट पाहत नाही. नाताळला येते असं मी दरवर्षी लिहिते, म्हणून या वेळी लिहीत नाही. फार आठवण येते तुझी.

रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
पासेमेता

नुकुलोतो बेट, ९ मे

चि. पासेमेता हिला आशीर्वाद, नेहमीइतकेच.

तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. सभा भरली. मुखिया एकेक नाव वाचत होते आणि बाहेरच्यांचं नाव आलं की ते ज्याच्या घरचं असेल त्याने नाही म्हणायचं. समोरची लुईसा बाहेर गेलेल्या चार मुलांची आई. तीन नावं तिने निभावली, चौथ्याला आधी आहे म्हणाली, मग नाही. मग तुझं नाव आलं. रीतीप्रमाणे मुखियांनी तीनदा विचारलं की पासेमेता आपल्यात आहे का. तिन्ही वेळा मी नाही म्हणाले.

तांदूळ शुक्रवारी आला. चांगला आहे, पोरं दोन्ही वेळा पोटभर जेवतात. साहेबाला सांग, आमचा कुणाचा राग नाही. मात्र पुढच्या खेपेला जेवून जा म्हणावं, म्हणजे कोण कोण जेवायला बसतं ते त्याला कळेल.

परवा होड्या भरून मासळी आली. केळीच्या पानांवर वाटे लागले, नावं पुकारायला सुरुवात झाली. तुझ्या नावाची पाळी आली तशी मी तोंड उघडलं, आणि मुखियांनी पुढचं नाव घेतलं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी माझा एकच वाटा उचलून घरी आले आणि चूलही पेटवली नाही.

पासेमेता, मी जन्मात सभेत खोटं बोलले नव्हते. यंदा तीनदा बोलले. तू ये आणि मला सगळ्यांच्या देखत खोटं पाड.

तुझी वाट पाहणारी,
आई