दुसरी वायर

अप्पा,

आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, आणि मी तुमच्या लोखंडी टेबलाशी बसून मराठीत लिहितेय. याआधी मराठीत कधी काय लिहिलं ते आठवत नाही. शाळा तेलुगूत गेली, कॉलेज इंग्रजीत, बाजारहाट दखनीत, आणि मराठी उरली ती फक्त घरात, आई आणि तुम्ही होता तोवर. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका. तुम्ही तरी कुठे बघणार होतात म्हणा, तुम्हाला पोस्टकार्ड वाचायलाही अर्धा तास लागायचा, आणि मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज का लिहितेय, ते सरळ सांगणं मला जमत नाहीये, म्हणून जरा लांबून येते.

तुमची मशीन आठवतेय? अंबरपेठेच्या दुकानात दाराशी ठाण मांडून बसलेली, हिरव्या रंगाची, तेलकट. तिला चाकं होती, पण जिन्यापुढे चाकांचं काय चालणार? हलवायची तर चार माणसं लागायची, आणि चौघांपैकी एक तरी दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसायचा. म्हणून उंचावरचं काम आलं की मशीन खाली ठेवायची आणि वायर वर न्यायची. वेल्डिंगला दोन वायरी लागतात हे आमच्या घरात मुळाक्षरांच्या आधी शिकवलं गेलं. एक होल्डरची, ती तुमच्या हातात. दुसरी अर्थिंगची, तिचा चिमटा कामाच्या लोखंडाला लावायचा, म्हणजे करंट एका वायरीने जातो आणि दुसरीने घरी परत येतो. दोन्ही अंगठ्याएवढ्या जाड, आत सगळं तांबं. एक वर ओढून नेतानाच माणसाचा जीव अर्धा व्हायचा. म्हणून तुम्ही, मामा, आपल्या गल्लीतले सगळेच कारागीर एकच वायर वर न्यायचे. दुसरी खालीच राहायची, मशीनशेजारी जे लोखंड दिसेल त्याला चिमटा लावून. कुणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "लोखंड सगळं एकच असतंय. करंटला घरची वाट बरोबर घावती." आणि घावायचीही. वर्षानुवर्षं घावली.

मी नववीत होते तेव्हाची ती पाण्याची टाकी. टाकीचा वरचा कठडा सडला होता, त्याचं काम मामाने घेतलं होतं, तुम्ही खाली मशीनपाशी. मामा कठड्याला तारेच्या दोराने लोखंडी झुला बांधून त्यावर बसला होता. तुम्ही अर्थिंग टाकीच्या लोखंडी जिन्याच्या पायथ्याला लावलं, रोजच्यासारखं. जिना कठड्याला जिथे जोडला होता तो सांधा गंजून सुटलेला होता, हे खालून कसं दिसणार? करंटला तिथून वाट मिळेना, म्हणून तो कठड्यावरून दोरात, दोरातून झुल्यात, आणि झुला जिथे जिन्याला घासत होता तिथून खाली, असा घरी आला. मामा ज्या दोरावर बसला होता त्याच दोराची एकेक तार आतून जळत गेली. दोर तुटला तेव्हा जेवणाच्या सुट्टीला थोडाच वेळ राहिला होता. तुम्ही तुटलेल्या दोराचं टोक घरी आणलंत आणि फडक्यात बांधून फळीवर ठेवलंत. मी एकदा उघडून पाहिलं होतं. प्रत्येक तारेच्या टोकाला मोहरीएवढा काळा मणी झाला होता.

मामा वाचला. वाचला असं सगळे म्हणायचे म्हणून मीही म्हणते. कमरेखाली काही उरलं नाही आणि चार वर्षं तो आपल्या मधल्या खोलीत खाटेवर होता. आई त्याचं सगळं करायची, भावाचं करायला बहिणीला कुणी शिकवावं लागत नाही, पण त्या चार वर्षांत ती तुमच्याकडे नीट पाहून बोललेली मला आठवत नाही. मामाच बोलायचा. रोज सकाळी तुम्ही चप्पल घालायला वाकलात की आतून हाक यायची, "दाजी, दोन्ही वायरी घेतल्या का?" आणि तुम्ही म्हणायचात, "घेतल्या." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच मला सहन व्हायचं नाही. सासुरवाडीला निघालेल्या माणसाला पाण्याची बाटली घेतली का असं विचारावं, तसं विचारायचा. मामा गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाला भंते आले, जेवणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उंबऱ्यात थांबून रिकाम्या खाटेकडे न बघता म्हणालात, "घेतल्या." मग शेवटपर्यंत म्हणत राहिलात.

आणि खरंच घेत राहिलात. टाकी असो, तिसरा मजला असो की कुणाच्या अंगणातलं तुळशीवृंदावन असो, दोन्ही वायरींची वेटोळी उजव्या खांद्यावर. बाकीचे कारागीर हसायचे. तुमच्या खांद्यावर घट्टा पडला, मग हात वर जाईना, मग तुम्ही डाव्या हाताने जेवायला लागलात. मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या घरी जाळीचं दार बसवायला तुम्ही आलात. तळमजल्याचं काम, मशीन दारासमोर, आणि तरी तुम्ही घामाघूम होऊन दोन्ही वेटोळी उलगडताय, पुरी लांबी, अंगणभर. मला लाज वाटली. मी म्हटलं, "अप्पा, एवढी वायर कशाला? मशीन तर इथंच आहे." तुम्ही वळून सगळ्यांदेखत ओरडलात, "वायर मी उचलतोय ना? तुला जड लागतीय का?" मैत्रिणीच्या आईने चहाचे कप तसेच परत आत नेले. मी आठ दिवस बोलले नाही तुमच्याशी. नवव्या दिवशी कॉलेजातून आले तर हे टेबल तयार होतं, भंगारातल्या अँगलचं, ड्रॉइंग काढायला फळी तिरकी करता येईल असं. तुमची माफी मागायची पद्धत अशी सत्तर किलोची असायची.

आता माझं सांगते. मी वेल्डिंगच्या मशीन बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनला आहे, गेली अकरा वर्षं. तुमच्या मशीनसारखा हत्ती आता कुणी वापरत नाही. आम्ही एक मशीन केली, पाठीवर दप्तरासारखी अडकवायची. टाकीवर, डक्टमध्ये, पुलाखाली, जिथे माणूस जेमतेम पोचतो तिथे ती त्याच्याबरोबर पोचते. वजन साडेपाच किलो. नामपल्लीच्या मैदानावर प्रदर्शन होतं, तिथे आमचा स्टॉल होता, मी मशीन सगळ्यांसमोर काट्यावर ठेवून दाखवली आणि माईकवरून तुमची गोष्ट सांगितली. माझ्या वडिलांचा खांदा वायरी वाहून वाहून गेला, त्या खांद्यासाठी मी ही मशीन केली, असं. लोक हळहळले. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मालक म्हणाले, ही गोष्ट प्रत्येक ठिकाणी सांगायची, आणि मी सांगत राहिले. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली की मलाच खरी वाटायला लागली.

या गुरुवारी तारनाक्याजवळच्या एका इमारतीवर गेले होते. आमची मशीन कामावर कशी चालते ते पाहायला आम्ही अधूनमधून जातो. सात मजले, मागच्या बाजूला पाइपांचा डक्ट, त्यात एक कारागीर लोखंडी झुल्यावर लटकून भिंतीतल्या ब्रॅकेटला वेल्डिंग करत होता. मशीन गच्चीवर ठेवलेली. मला पाहून तो खालूनच खूश होऊन म्हणाला, "एकदम हलकी है मॅडम, बच्चे की इस्कूल बॅग जैसी!" मला बरं वाटलं. मग माझं लक्ष चिमट्याकडे गेलं. चिमटा गच्चीच्या रेलिंगला होता. झुल्याचा तारेचा दोरही त्याच रेलिंगला बांधलेला होता.

मी विचारलं, "अर्थिंग उप्पर कैकू लगाए?"

तो हसला. "वायर इत्तीसीच दिए ना आप लोगां, नीचे कैसा आती? लोहा तो लोहा इच है मॅडम. करंट घूम के आ जाता."

अप्पा, मी ओरडले. तुम्ही ओरडला होतात तशीच, सगळ्यांदेखत. मशीन बंद केली, त्याला वर ओढायला लावलं. तो वैतागला, "काम रुकाए तो ठेकेदार मेरे कू चिल्लाते मॅडम," म्हणत राहिला. मी रेलिंगपाशी गुडघ्यावर बसून दोर चाचपला. भिंतीतल्या ब्रॅकेटपासून रेलिंगपर्यंत यायला करंटला दुसरी वाटच नव्हती. तो ब्रॅकेटला टेकलेल्या त्या माणसाच्या झुल्यातून आणि त्याच्या दोरातून येत होता. गाठीच्या खाली दोन तारा तुटलेल्या होत्या, आणि टोकांना मोहरीएवढे मणी. मी ते बोटाने पुन्हा पुन्हा पाहत होते. त्याला वाटलं मॅडमना चक्कर आली, तो पाणी घेऊन आला.

वायर एवढीशी का आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मला आहे. आमची मशीन पहिल्यांदा तयार झाली तेव्हा ती जड भरत होती. मालक म्हणाले, एवढं वजन असेल तर लोक आपली आधीचीच वापरतील, कुठूनही कमी कर. पत्रा पातळ केला, पंखा लहान केला, तरी वजन उतरेना. शेवटी वायरींतलं तांबं उरलं. होल्डरची वायर कमी केली तर काम पोचत नाही आणि कारागीर शिव्या देतो. अर्थिंगची कमी केली तर कुणी काही बोलत नाही. पाच मीटरची मी दीड मीटर केली. माणूस आपला चिमटा कामाजवळच लावेल, मशीन जवळ ओढून घेईल, असं मी कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. मशीन जवळ ओढून कोण घेतं? लटकलेला माणूस मशीन ठेवणार कुठे? हे कुणाला माहीत नसेल, पण अंबरपेठेतल्या वेल्डरच्या मुलीला माहीत नसावं? ते ड्रॉइंग याच टेबलावर काढलं, घरी आणून, रविवारीच.

त्या कारागिराला मी आमच्या दुसऱ्या मशीनची लांब वायर आणून दिली आणि नवा दोर लावून घेतला. पण तशा मशीन शेकड्याने बाहेर गेल्यात. त्या कुठल्या डक्टमध्ये, कुठल्या टाकीवर आहेत ते मला कसं कळणार? उद्या सोमवार. मालकांसमोर जाऊन सांगायचं की सगळ्यांना लांब वायर पाठवा, वजन वाढू द्या, आणि चूक माझी आहे. त्यानंतर मी तिथे राहीन असं मला वाटत नाही. माझं वय पाहता दुसरीकडे कुणी घेईल असंही वाटत नाही. गुरुवारी सांगायचं होतं, सांगितलं नाही. शुक्रवारी आणि शनिवारीही कामावर गेले, चहा प्याले, घरी आले. या तीन दिवसांत कुणी पडलं असेल का, हा विचार मी करत नाही. करत नाही म्हणजे दुसरं काही करतच नाही.

तुमची अर्थिंगची वायर मी टाकून दिली नव्हती, खाटेखाली होती. आज सकाळी बाहेर काढली. रबर तडकलंय, चिमट्याची स्प्रिंग गेलीय. धान्याच्या काट्यावर ठेवून पाहिली, माझ्या अख्ख्या मशीनच्या दुप्पट भरली. मग ती खांद्यावर घेऊन मी जिन्याने गच्चीपर्यंत गेले आणि खाली आले. एकदाच. खांदा अजून दुखतोय. तुम्ही हे रोज केलंत, आणि इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की माझे वडील ओझ्याने मोडले, बिचारे. तुम्ही बिचारे नव्हता. तुम्हाला माहीत होतं काय उचलताय ते. तुमच्या खांद्यावरचं ओझं मी कमी केलं म्हणून टाळ्या घेतल्या, आणि कमी केलं ते नेमकं तुम्ही मामासाठी उचललेलं.

आणखी एक राहिलं. नामपल्लीला मशीन काट्यावर ठेवली तेव्हा वायरी काढून ठेवल्या होत्या, दोन्ही. साडेपाच किलो ते नुसत्या मशीनचं वजन होतं. वायरी बाजूला खुर्चीवर होत्या आणि त्यावर मी माझी ओढणी टाकली होती.

हे पत्र कुठेच जाणार नाही, घडी करून टेबलाच्या खणात राहील. उद्याचं मी तुम्हाला वचन देत नाही, तुमच्यासमोर खोटं बोलायची मला भीती वाटते. फक्त त्या दिवशी अंगणात तुम्ही विचारलं होतं आणि मी तोंड फिरवून गेले होते, त्याचं उत्तर देते.

हो अप्पा. मला जड लागली.