दुसऱ्या मजल्यावरची खिडकी

३ जून

माझी बायको नोल्विया कामाला आहे त्या लोकर संघाचं ऑफिस नव्या इमारतीत गेलं. धुरांडं नाही, शेगडी नाही. हातभर जाड भिंती, खिडक्यांना तीन-तीन काचा. म्हणे माणसांच्या अंगच्या उबेवरच निम्मं भागतं. इथं कोयाइकेत, चिलीच्या दक्षिण टोकाला, ऐन जूनच्या हिवाळ्यात! मी ढकलगाडीवर जळाऊ लाकूड विकता विकता स्वतःच्या वखारीपर्यंत आलो. अख्ख्या गावाला ऊब पुरवतो, आणि माझ्याच बायकोला ती आता दुसरीकडून मिळणार.

५ जून

घरी आली ती जाकीट खांद्यावर टाकून. हात गरम.

"म्हाताऱ्या, तिथं आम्ही अर्ध्या बाह्यांत बसतो."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"सगळेच. लिसांद्रोसुद्धा."

लिसांद्रो म्हणजे सांतियागोहून आलेला त्यांचा नवा साहेब. त्याला 'सुद्धा' कशाला लागतं? दोन ओंडके एकमेकांवर आपटले की मी सांगतो, सुकं आहे की ओलं. सुकं खणखणतं, ओलं दबकं वाजतं. माणसांचंही तेच. हे 'सुद्धा' दबकं वाजलं.

६ जून

लिसांद्रोला पाहून आलो. उंच आहे. दात स्वतःचे आहेत.

९ जून

तिथल्या दिव्यांची तऱ्हा ऐकली. माणूस हलला की लागतात, गप्प बसला की विझतात. हिशेब करता करता अंधार होतो, मग सगळे हात वर करून हलवतात. "बुडणाऱ्यांसारखे," म्हणाली आणि करून दाखवलं. मी हसलो. मग विचारलं, तुझ्यासमोर कोण बसतं? तिनं हात खाली घेतला आणि बशा आवरायला लागली.

१२ जून

सिक्स्तोच्या बेकरीत लाकूड टाकलं. बेकरी त्या इमारतीच्या बरोबर समोर. सहा वाजलेले, काळोख. ऑफिस पाचलाच सुटतं. सगळी इमारत काळी आणि दुसऱ्या मजल्यावर एकच खिडकी उजळलेली — तिची. पडदा ओढलेला. मी 'माते'चा कडू चहा पीत पाहत राहिलो. दिवा विझेना. म्हणजे आत कुणीतरी सारखं हलतंय. मग पडद्यावर सावली आली. हातवारे करत होती. एकटं माणूस हातवारे कुणाला करेल?

"गड्या, रोजचंच आहे हे," सिक्स्तो म्हणाला आणि भट्टीत डोकं घातलं. बडबड्या माणूस असा आखडला की ओळखावं.

घरी विचारलं, उशीर का? "काम होतं." ओलं लाकूड.

१३ जून

ती न्हाणीघरात गेल्यावर जाकिटाचा वास घेतला. धुराचा नाही. आपल्या घरात कधी न आलेला, स्वच्छ वास.

१६ जून

आमच्या घराला एकेरी फळ्या. अंगणातून सगळं ऐकू येतं. बहिणीशी फोनवर बोलत होती. माझ्या बुटांचा आवाज आला तशी म्हणाली, "नंतर. इथं नको."

१८ जून

सिक्स्तो वखारीत आला. "उगाच झुरू नकोस. तो लिसांद्रो आठवडाभर सांतियागोला गेलाय."

काल संध्याकाळी दिवा होताच. मग हा दुसरा कोण?

१९ जून

आज वर गेलो. झाडणारी बाई निघालीच होती, तिनं ओळखून आत सोडलं. जिन्यात चिटपाखरू नाही, बाहेरचा वाराही ऐकू येत नाही. दाराशी पोचल्यावर मात्र तिचा आवाज आला. मोठा, मोकळा. लग्नापासून असा ऐकला नव्हता. पुरुषाशी भांडत होती.

फटीतून पाहिलं. एकटीच. हातात फोनही नाही. टेबलांमधून येरझारा घालत खुर्चीला सांगत होती — "शब्द न् शब्द वाजवून बघतोस. माझ्या खोकल्याचासुद्धा अर्थ लावतोस. एक दिवस बहिणीकडे निघून जाईन, एलेओदोरो, मग ऐकत बस!"

एलेओदोरो मीच.

पुढचं ऐकलं नाही. जिना उतरून रस्त्यावर आलो, सिक्स्तोच्या दारात उभा राहिलो. पडद्यावर ती माझ्याशी भांडत होती. काचांतून आवाज म्हणून येत नव्हता.