संमती कुठं दिली?

छावणी, औरंगाबाद
२ मे २०१९

चि. दमयंतीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. इथं टँकर आला तर आला. नव्या इमारतींना मात्र पाणी मिळतं. दिवसभर धूळ आणि जिवाची काहिली. पाचोडची मोसंबी तगली का?

आता तुझ्या शेअरांचं. मोबाईलवरून घेतलेले तुझे शेअर त्या दलाल कंपनीनं तुला न विचारता विकले. निवृत्त बाईंची पुंजी म्हणजे काय वाऱ्यावरची वरात आहे का? आपल्या ग्राहक मंचात खेचतो म्हटलं, तर त्यांचं उत्तर आलं: खातं उघडताना तू संमती बंगळूरला दिलीस, कंपनीही तिथलीच, तेव्हा दावा तिथंच चालेल. मला हसू आलं. तू कधी गेलीस बंगळूरला? कोर्टात कारकुनी करत जन्म गेला, पण अशी थाप पाहिली नाही. सोबत प्रतिज्ञापत्र पाठवतोय: संमती देताना मी पाचोडला घरीच होते. सही करून लगेच धाड. या एका वाक्यावर दावा इथं राहील.

बंगळूरचं नाव ऐकून तुझी वहिनी उठून आत गेली. पण अश्लेषा पोटची पोर असून आमचं न ऐकता लग्न करून तिकडं गेली, तेव्हा तिचं नाव या घरात घ्यायचं नाही हे ठरलं ते ठरलं.

लोभ लहानपणापासून आहे, तो तसाच चालू दे.

तुझा
हेमचंद्रदादा

पाचोड
९ मे २०१९

ती. दादास दमयंतीचा सा. न. वि. वि.

मोसंबीची झाडं बाजारात सरपण म्हणून आली आहेत. शेजारची साळूबाई म्हणते, "औंदा झाडं तोडून बी सुटका नाय."

तुझा कागद देवापुढं ठेवलाय. पेन उचलते आणि खाली ठेवते. दादा, कंपनीनं माझे शेअर बुडवले, पण संमतीचं ती खोटं बोलत नाही. मी बंगळूरलाच होते, अश्लेषेकडं.

तुला शेगावला जाते म्हणून सांगितलं होतं. तिला मुलगी झालीय, ओवी. बारशाला माहेरचं कुणीतरी हवं म्हणून गेले. ओवी मांडीवर होती, आणि जावयानं दाखवलं तसं मी मोबाईलवर संमतीच्या बटणावर बोट ठेवलं. वहिनीला सगळं ठाऊक आहे. बाळाची दुपटी तिनंच शिवली. चिडायचं तर माझ्यावर चीड.

शेअर गेले तर म्हातारपणी कुणापुढं हात पसरावा लागेल, ही भीती खरी आहे. पण इथं सही केली तर ओवी माझ्या मांडीवर नव्हतीच, असं शपथेवर होईल. ते माझ्यानं होत नाही.

यंदा पाणी आटलं तेवढं पुरे, तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी
दमी

छावणी, औरंगाबाद
१९ मे २०१९

चि. दमयंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वहिनीशी मी अबोला धरला. तिनं खुशाल डाळ निवडली, शेवटी मीच बोललो. मला कुणी सांगितलं का नाही, असं विचारलं. सांगायला तुम्ही जागा कुठं ठेवली होती, असं ती म्हणाली.

प्रतिज्ञापत्र फाडून टाक. खोट्या शपथेचा मसुदा माझ्या हातून लिहिला गेला, याची लाज वाटते. दावा बंगळूरलाच लावावा लागेल. परक्या गावी कोर्टाचं तुला एकटीला झेपायचं नाही, तेव्हा मला यावंच लागेल. मी लॉजवर उतरेन. वहिनी म्हणते, ती लॉजवर उतरणार नाही.

काल बाजारात चांदीचे वाळे बघायला गेलो. सोनारानं विचारलं, मूल केवढं आहे. मला सांगता येईना, तसाच परत आलो.

शेअरांचं होईल ते होईल. अश्लेषा मला दार उघडेल का, तेवढं आधी विचारून कळव. तोवर जीव थाऱ्यावर नाही.

लोभ असू दे. या वेळी हे रीत म्हणून लिहीत नाही.

हेमचंद्र