दुपारी फुगणारी अक्षरे

१० फेब्रुवारी, मंगळवार

अक्षरे फुगली! ग्रंथाचे अंतिम मुद्रित संगणकावर वाचत होते. पान खाली सरकवण्यासाठी माउसचे चाक फिरवले, तर पान सरकण्याऐवजी मोठे होऊ लागले. उलट फिरवले तर आकसत मुंगीएवढे झाले. ज्या ग्रंथातील एकही ओळ मी बावीस वर्षांत ढिली सोडली नाही, त्याच्या शेवटच्या वाचनात हा पोरखेळ.

मुदत २८ तारखेची. माझा होकार गेला की छपाई सुरू. मग स्वल्पविरामही हलणार नाही. आपल्या सड्यांवरील, म्हणजे कोकणातील जांभ्याच्या उघड्या पठारांवरील, समस्त गवतांचे वर्णन, छत्तीस चित्रांसह. माझ्या चुका त्यात नाहीत. वाचते आहे ती मुद्रकाच्या शोधण्यासाठी.

११ फेब्रुवारी

सकाळी माउस सभ्यपणे वागला. अडीचनंतर पुन्हा तेच. चाक कापसाने पुसले. वायर दुसऱ्या खाचेत घातली. संगणक बंद करून सुरू केला. व्यर्थ.

बांगडे मात्र उत्तम होते.

१२ फेब्रुवारी

बाजारपेठेतील संगणक दुरुस्तीवाला रॉकी सकाळी दहाला आला. त्याच्यासमोर एक अक्षर फुगले नाही. "मॅडम, ह्यो माउस माझ्यापेक्षा शाणो आसा. माका बघल्यार नीट वागता." मग विचारतो, "तुमी कंट्रोलचा बटण दाबून चाक फिरवलास काय? तसा केल्यार पान लहानमोठा होता."

मी काय दाबते ते मला कळते, असे सांगितले. अडतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. बोटे ताब्यात आहेत. निदान करणाऱ्याने लक्षण दिसेपर्यंत थांबावे – पण त्याला घाई. नवा माउस ठेवून गेला.

१३ फेब्रुवारी

नवा माउस, जुनाच रोग. दोन वाजून चाळीस मिनिटे. या वेळी चित्र चौदावे फुगले आणि गवताचे एकच कणिशक, तुऱ्यातला दाण्याएवढा घटक, पडदाभर पसरले. त्याच्या तळाशी करड्या, बारीक रेषा. धूळ! मूळ चित्राची प्रत काढताना काच पुसली नसणार. मुद्रकाला कडक शब्दांत कळवले.

नेमके हेच चित्र असावे, याचा राग अधिक. देवगडच्या सड्यावरील हे गवत मी वेगळे म्हणून नोंदवले, ते त्याचे कणिशक पूर्णपणे निर्लोम, बिनलवेचे असते या एकाच आधारावर. तीन वर्षांपूर्वी माझी विद्यार्थिनी नम्रता परब म्हणाली होती, "मॅडम, तळाशी लव आहे." मी म्हटले, "तुझ्या भिंगावर धूळ आहे." वर्ग हसला. ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. आता कुडाळला शिकवते.

शंकेला जागा नको म्हणून तळटीप घातलीच आहे: 'लव असल्याचे कु. नम्रता परब यांचे निरीक्षण सदोष साधनामुळे झालेले असून ग्राह्य नाही.' कठोर आहे. शास्त्र कठोरच असते.

१५ फेब्रुवारी, रविवार

स्वयंपाकाला येणारी मथुरा आज दारातून पाहत उभी होती. पान फुगले तशी म्हणाली, "बाई, वारो सुटलो काय तुमची अक्षरा सुजतत."

मी म्हटले, वाऱ्याचा आणि विजेच्या यंत्राचा संबंध नसतो.

"माका काय ठाऊक? सकाळी वारो नाय, सूज नाय. तुमी सगळा लिवन ठेवतास, मगे ह्या पण लिवा."

लिहिले. खुळी समजूत म्हणून.

१६ फेब्रुवारी

खुळी समजूत तपासून खोडावी म्हणून तक्ता केला. दहा वाजता – वारा नाही, दोष नाही. बारा – तसेच. दोन वाजून दहा मिनिटांनी समुद्रावरून वारा आला, डाव्या हाताला ठेवलेले हस्तलिखित फडफडले, मी नेहमीप्रमाणे त्यावर जांभ्याचा दगड ठेवला, चाक फिरवले. फुगले.

दगड उचलला. थांबले. ठेवला. फुगले.

कागदांचा कोपरा कळफलकावर येतो. त्याखाली, अगदी टोकाला, कंट्रोलचे बटण. सहा दिवस मी ते दाबून धरले होते – बोटाने नव्हे, दीड किलोच्या दगडाने.

मथुरेला सांगितले. ती पदराआड हसली. "म्हंजे वारोच."

हो. वाराच.

१७ फेब्रुवारी

दगड खिडकीकडे सरकवला. भर वाऱ्यात चाळीस पाने वाचली, सगळी आज्ञाधारक. रॉकीला फोन करून त्याचे म्हणणे बरोबर होते असे कळवले. असे वाक्य मी शेवटचे कधी उच्चारले, आठवत नाही. जड गेले, पण नंतर चहा विशेष गोड लागला. आंब्याच्या मोहोराचा वास थेट टेबलापर्यंत येत होता. फार दिवसांनी इतके स्वस्थ वाटले.

चित्र चौदावेही पाहिले. नेहमीच्या आकारात रेषा दिसत नाहीत. स्वच्छ, सुबक, निर्लोम.

संध्याकाळी मुद्रकाचे उत्तर: काच स्वच्छ आहे, प्रत दोनदा काढली, रेषा मूळ चित्रातच आहेत.

मूळ चित्र मी काढलेले नाही. नमुन्यासमोर बसून नम्रताने काढले होते.

१८ फेब्रुवारी

कपाटातून वाळवलेला नमुना काढला. माझे भिंग तीनदा पुसले. लव आहे.

१९ फेब्रुवारी

तळटीप काढली. 'निर्लोम' खोडले, माझे वेगळे गवत आता वेगळे उरले नाही. त्या जागी लिहिले: 'तळाशी विरळ लव. प्रथम निरीक्षण – नम्रता परब.' लिहिल्यावर वाक्य पुन्हा वाचले. ग्रंथातील सर्वांत नेटके वाक्य आहे, असे माझे मत.

कुडाळला फोन केला. सगळे सांगितले, वर्ग हसल्याचेही. ती म्हणाली, "मॅडम, ते भिंग अजून आहे माझ्याकडे. रोज पुसते." मला हसू आले. तिलाही आले. रविवारी येणार आहे. मथुरेला बांगडे सांगून ठेवले.

२० फेब्रुवारी

होकार पाठवलेला नाही. आज वारा पडलेला आहे. तरी दगड उचलून कंट्रोलवर ठेवला, आणि चित्र पहिल्यापासून एकेक फुगवून पुन्हा तपासायला सुरुवात केली.