गिरिजाबाईंची जागा

वडीगोद्री, जि. जालना
८ मार्च १९९१

चि. सौ. सत्यशीला हिला गोपिकाबाईचा आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सासूबाई पहिल्यांदा भेटल्या त्या सकाळी अंगण झाडून मी तांदूळ निवडत होते, तेवढ्यात त्या मासळीची पाटी घेऊन ओट्यावर टेकल्या. खाजणवाडीच्या शाळेत आमच्या मास्तरांची बदली होऊन चारच दिवस झाले होते. समुद्र मी पहिल्यांदाच बघितलेला. बांगडा मी शेपटीला धरून, मेलेल्या उंदरासारखा लांब धरला. गिरिजाबाई हसून हसून पाटीवर पडायच्या राहिल्या. मी बोट ठेवून वाचायला शिकतेय हे कळल्यापासून त्या माझ्यासाठी पेपरचं एक कोरडं पान वेगळं ठेवायच्या. बातमी पुढच्या पानावर गेली असली, तर ते पान दुसऱ्या दिवशी, आणि तेही मासळी घेतली तरच.

त्या गेल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. केशरबाईंच्या सांगण्यावरून बाजारातली त्यांची जागा मोकळी ठेवून बाया तिथे रोज फुलं वाहतात आणि तुला गटाराकडेला उन्हात बसवतात, हे मला बिलकुल पटलं नाही. दहा वाजेपर्यंत तुझी मासळी नरम पडणार, मंग लेकरांनी काय फुलं खायची? गिरिजाबाईंच्या सासूचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी त्या तिच्याच जागेवर बसून गिऱ्हाइकाला शिव्या देत होत्या. मी समोर उभी होते. हे केशरबाईंना सांग आणि बस जाऊन.

लोभ ठेव, थोडी सुकटही ठेव.
गोपिकाबाई


खाजणवाडी
२१ मार्च १९९१

ती. गोपिकाबाईंना सत्यशीलाचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र बाजारात मोठ्यानं वाचलं. उंदरापाशी बाया पोट धरून हसल्या. चौदाव्या दिवसापाशी केशरबाईंचा चेहरा बदलला. बाजारात त्या सगळ्यांत जुन्या, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. त्या म्हणाल्या, मास्तरीणबाईंनी दुसऱ्याला शिकवू नये. दोन वर्षांमागे मास्तर गेले तेव्हा आमचे हे तुम्हाला भेटायला आले होते. घरात मास्तरांची खुर्ची रिकामी असून तुम्ही त्यांना गोणपाटावर बसवलंत, हे ह्यांनी गावभर केलंय. त्या खुर्चीत आता तरी कुणी बसतं का ते आधी विचार, मग सासूच्या जागेकडे बघ, असं केशरबाई म्हणाल्या. रागावू नका. काल अर्धी पाटी उन्हानं नासली, ती माडांच्या मुळाशी ओतली.

माया पातळ होऊ देऊ नका.
सत्यशीला


वडीगोद्री
२९ मार्च १९९१

चि. सौ. सत्यशीला हिला आशीर्वाद. वि. वि.

केशरबाईंचं बराबर आहे. त्या खुर्चीत कुणी बसत नाही. मी ती रोज पुसते आणि पाहुण्याला गोणपाट अंथरते. मास्तर असते तर पाहुण्याला खुर्ची देऊन स्वतः गोणपाटावर बसले असते. तुझ्या नवऱ्याला माझ्याकडून माफी सांग. गावभर करायचं कारण नव्हतं, हेही सांग.

पुसताना बरं वाटायचं, म्हणून पुसत राहिले. केशरबाईंनाही फुलं वाहून तसंच वाटत असेल. चाळीस वर्षं दोघी शेजारी बसल्या. त्यांना शेजारची जागा रिकामी बघवत नाही आणि तिथे दुसरं कुणी बसलेलंही बघवत नाही. त्यांच्यावर चिडू नकोस. हे पत्र त्यांना शेवटपर्यंत वाचून दाखव, आणि मंग पाटी उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बस. त्या दोन दिवस बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी तुझा बर्फ मागतील.

लेकरांना माझी आठवण सांग, तुझी मला आहेच.
गोपिकाबाई

ता. क. काल हे पत्र मुद्दाम पेटीत टाकलं नाही. आज सकाळी खुर्ची ओसरीवर ओढली, तीत बसले आणि पावशेर गवार मोडली.