साडेसत्तावीस वर्षांचा पाइप

मी, हालिना गोरचित्सा, वय चौऱ्याऐंशी, राहणार मिलवॉकी, विधवा. गुडघे सोडल्यास माझे सर्व काही शाबूत आहे, डोके तर नक्कीच. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही सांगण्यावरून करीत नाही. मुलगा रोमन बरेच सांगतो. त्यातले यात काही नाही.

१. माझे दुमजली घर आहे. खाली मी, वर सतरा वर्षे भाडेकरू डेल्फीन टेट. गेल्या वर्षी गटार तुंबून घाण उलटी माझ्या तळघरात आली, घोटाभर. रोमनला फोन केला. तो म्हणाला, "आई, वरच्या बाईनंच काहीतरी टाकलं असणार. काढ तिला!" डेल्फीनला कोणी बोलावले नव्हते. ती गमबूट घालून खाली आली. "मिस हालिना, तुम्ही पायरीवरच थांबा. घसरून पडलात तर अशी घरमालकीण मी कुठून आणू?"

प्लंबरने पाइपात कॅमेरा सोडला. जुना मातीचा पाइप मेपलच्या मुळांनी फोडला होता. ते झाड रोमनच्या जन्माच्या वर्षी त्याच्या वडिलांनी लावलेले. हे रोमनला कळवल्यावर तो हवामानाबद्दल बोलू लागला.

२. नव्या पाइपाला चौदा हजार डॉलर लागले. ते माझ्या कबरीच्या दगडासाठी ठेवले होते. नवऱ्याच्या दगडावर जागा आहे, तिथेच माझे नाव कोरावे.

रोमन म्हणाला, "भाडं वाढव की! दोन वर्षांत वसूल." माझे कर भरून देणारे हिशेबनीस म्हणाले, "बाई, हा खर्च एका वर्षात नाही दाखवता येत. साडेसत्तावीस वर्षांवर वाटायचा, नियमच आहे." सरकारला माझ्या आयुष्याची एवढी खात्री आहे, हे ऐकून बरे वाटले.

३. घर रोमनला. मात्र पाइपाची साडेसत्तावीस वर्षे भरेपर्यंत, म्हणजे एप्रिल २०५१ पर्यंत, डेल्फीनने हवे तितके दिवस वर राहावे, आजच्याच भाड्यात. अट मोडल्यास घर डेल्फीनचे.

४. माझे पाने-पकडी आणि तळघराची चावी डेल्फीनला. तिच्यावर माझा जीव आहे; तोंडाने सांगणे जमले नाही, म्हणून येथे नोंदवते. मेपल रोमनला, विनाअट.

५. २०५१ साली रोमन एक्क्याऐंशीचा होईल. मग त्याने भाडे खुशाल वाढवावे.

वाचून, समजून सही केली.
हालिना गोरचित्सा
मिलवॉकी, ९ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार:
लेनर्ड शिमकोव्हियाक, हिशेबनीस
कर्टिस बाउमान, प्लंबर. (पाइप मीच टाकला आहे. रोमनसाहेबांना पुरून उरेल.)